आवरलेला हात

कोणतीही विद्या शिकताना अशी एक वेळ येते की, शिष्यास दुखविल्यावाचून ती विद्या पुढे सरकत नाही. गवयाचा घसा बसतो, विणकराच्या बोटांस घट्टे पडतात, पोहू लागलेल्या मुलाच्या नाकातोंडात पाणी जाते. ही दुखापत विद्येचे अंगच आहे, की शिकविणाराच्या हयगयीचे ते फळ आहे, असा प्रश्न आईबापांस पडतो. आणि तो पडावा हेच योग्य होय. कारण दुखापत झालेली प्रत्येक जागा शिक्षणाची नसते, आणि दुखापत मुळीच होऊ न देणारे शिक्षणही पुष्कळदा शिक्षण नसते. या दोहोंमधील वाट कोठून जाते हे ठरविण्यास केवळ तर्क पुरत नाही. ज्यांनी ही वाट पूर्वी तुडविली त्यांचा इतिहास पाहावा लागतो.

प्रस्तुत विषय आम्हांस सुचला तो एका लहानशा प्रसंगावरून. गेल्या हिवाळ्यात भंडारा शहरातील एका शाळेच्या पटांगणावर कराटेचा वर्ग चालला होता. पांढरे अंगरखे घातलेल्या पंचवीस-तीस मुली रांगेने उभ्या राहून, गुरूने अंक उच्चारताच एकाच वेळी हात पुढे फेकीत होत्या. ते दृश्य मोठे रम्य होते. काही वेळाने रांग मोडली, दोघी दोघींच्या जोड्या लागल्या, आणि मघाची सारी शोभा पार विस्कटून गेली. जे हात रांगेत सरळ जात होते ते आता वेडेवाकडे जाऊ लागले. कोणी डोळे मिटू लागली, कोणी पाठ फिरवू लागली. अशात एका मुलीच्या ओठावर ठोसा बसला व रक्त आले. तिची आई कुंपणापाशीच उभी होती. ती आत येऊन गुरूस म्हणाली, "पोरीले शिकाले पाठवली सर, मार खाले नाही." गुरू तरुण होता, पण त्याने शांतपणे उत्तर दिले, "ताई, आज इथं एक बसली म्हणून उद्या बाहेर दहा चुकवील." आई निरुत्तर झाली, परंतु तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. दोघांच्याही बोलण्यात सत्य होते. त्या दोन सत्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणून हा लेख आहे.

प्रथम आपल्या घरची गोष्ट पाहू. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास तालीम म्हणतात त्यास आमच्या विदर्भात बहुधा आखाडा म्हणतात. नाव कोणतेही असो, आतील व्यवस्था एकच. जोर-बैठका काढून अंग कमवावयाचे. वस्तादाने दाखविलेला डाव सवंगड्यावर सावकाश बसवून पाहावयाचा. आणि मग तांबड्या मातीच्या हौदात उतरून लढंत करावयाची. पहिल्या दोन गोष्टींत शरीर आपल्या आज्ञेत असते. तिसरीत मात्र समोर दुसरी इच्छाशक्ती उभी असते, आणि ती आपल्या इच्छेच्या नेमकी उलट चालते. पट काढावयास आपण वाकावे तो प्रतिस्पर्धी पाय मागे ओढून घेतो. ढाक लावावयास वळावे तो त्याच वळणाचा फायदा घेऊन तो आपणांस खाली बसवितो. डाव ठाऊक असणे व डाव लागणे यांत किती अंतर आहे ते हौदात उतरल्यावाचून कळत नाही.

हे अंतर आपल्या पूर्वजांस चांगले ठाऊक होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास नावाचा जो संस्कृत ग्रंथ रचला, त्यात मल्लविनोद म्हणून एक प्रकरण आहे. मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, त्यांची मेहनत, आणि राजासमोर होणाऱ्या त्यांच्या कुस्त्या यांचे वर्णन तेथे आढळते. आणि त्या मेहनतीत खांबाशी करावयाच्या श्रमाचाही उल्लेख आहे. खांबाशी झुंजणे म्हणजे जो प्रतिस्पर्धी कधी थकत नाही, चिडत नाही आणि उलट डाव टाकीत नाही, अशाशी झुंजणे होय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, आणि निजामाच्या राज्यातून आलेल्या अली नामक मल्लास त्या मेहनतीच्या बळावर चीत केले, असे परंपरा सांगते. तिच्यातील बारकाव्यांची शहानिशा करणे कठीण आहे. पण तिचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. बाळंभटदादांनी खांबावर जे कमावले त्याची किंमत ठरली ती खांबावर नव्हे, तर जिवंत मल्लाशी पडलेल्या गाठीत.

पुढे काय झाले? मल्लखांब दिवसेंदिवस अधिक सुंदर होत गेला, आणि कुस्तीपासून दूरही गेला. आज त्याच्या स्वतंत्र स्पर्धा होतात, मुली दोरीवरचा मल्लखांब करून पाहणारांचे डोळे दिपवितात. परंतु मल्लखांबपटूने कुस्ती खेळावी अशी अपेक्षा आता कोणी करीत नाही. यात दोष काहीच नाही. एक कला दुसरीच्या पोटी जन्मली आणि मोठी झाली, एवढेच. मात्र जी साधना लढतीची तयारी म्हणून निघाली ती लढतीवाचून वाढू लागली म्हणजे तिचे रूप पालटते, हा नियम येथे स्पष्ट दिसतो. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी जे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, त्यास विदर्भातील व्यायामाचा इतिहास फार मोठे ऋण लागतो. मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे लाठी, लेझीम, मल्लखांब आदी देशी प्रकार युरोपीय लोकांस दाखविले. हजारो प्रेक्षकांसमोर करावयाच्या अशा प्रात्यक्षिकांत शिस्त आणि सौंदर्य यांसच पहिला मान मिळावयाचा. परंतु रांगेने फिरणारी लाठी आणि अंगावर येणारी लाठी या दोन निरनिराळ्या लाठ्या आहेत, हे कोणत्याही जाणत्या वस्तादाने मान्य केले असते.

हा पेच केवळ आपल्या देशातला नव्हे. ज्या विद्येवरून भंडाऱ्याच्या पटांगणावर वाद निघाला, तिच्या जन्मभूमीत तो अधिक तीव्रतेने उपस्थित झाला; आणि तेथील माणसांनी त्यावर जो विचार केला तो आपणांस उपयोगी पडण्यासारखा आहे.

त्या विचाराचा आरंभ कराटेत नव्हे, तर जुडोत झाला. जिगोरो कानो हा १८६० साली जन्मलेला एक अशक्त प्रकृतीचा विद्यार्थी. जपानातील जुनी जुजुत्सू विद्या मरणपंथास लागलेली असता त्याने तिच्या दोन संप्रदायांचे शिक्षण घेतले, आणि १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा उघडली. जुन्या विद्येत डोळ्यांत बोटे घालणे, सांधे मोडणे, मर्मावर आघात करणे असे अनेक भयंकर प्रकार होते. ते शिकवीत, पण ते कोणावर पूर्ण जोराने करून पाहणे शक्य नसल्यामुळे त्यांचा सराव ठराविक नाटकासारखा होई. कानोने एक सोपी पण दूरदर्शी विभागणी केली. जे प्रकार सवंगड्यास कायमचे जायबंदी करतील ते त्याने ठराविक आकृतिबंधात, म्हणजे कातात, ठेवले. आणि जे फेकण्याचे, धरून ठेवण्याचे प्रकार पूर्ण जोराने करूनही सवंगडी उठून उभा राहू शकतो, ते मोकळ्या लढंतीत घेतले. या लढंतीस जपानी भाषेत रांदोरी म्हणतात. पडावे कसे हे तो आधी शिकवी. पाडावे कसे हे नंतर.

वरवर पाहता कानोने विद्येची धार बोथट केली असे वाटेल. परिणाम उलट झाला. ज्याचा डाव जीवघेणा होता, पण जो आयुष्यात तो कोणावरही पुरता टाकू शकला नव्हता, त्याच्यापेक्षा ज्याचा डाव साधा होता, पण जो रोज विरोध करणाऱ्या माणसावर तो शेकडो वेळा टाकीत होता, तो माणूस अधिक समर्थ ठरला. जी गोष्ट खरोखर करता येते तीच खरोखर शिकता येते, हा कानोचा शोध होय. आणि या शोधाचा पाया भूतदयेत आहे, हे विसरता कामा नये. सवंगडी सुरक्षित राहिला म्हणूनच उद्याची लढंत शक्य झाली; उद्याची लढंत शक्य झाली म्हणूनच विद्या वाढली. परस्परांचे कल्याण हे तत्त्व कानोने आपल्या विद्येच्या मुळाशी घातले, ते काही शोभेचे वचन म्हणून नव्हे.

कराटेची वाट निराळी. ओकिनावा बेटावर ही विद्या गुरूच्या अंगणात मोजक्या शिष्यांस गुपचूप शिकविली जाई. एका कातास तीन वर्षे, असा तेथील दंडक सांगतात. १९०१ साली आंको इतोसू नावाच्या वृद्ध आचार्याने ती प्रथम शाळेत नेली. मुलांसाठी त्याने पाच सोपे काता रचले. एकाच वेळी सबंध वर्ग, अंकांच्या तालावर, रांगेने: भंडाऱ्याच्या पटांगणावर जे आम्ही पाहिले त्याचे मूळ हे आहे. विद्या गुप्त होती ती सार्वजनिक झाली, हा इतोसूचा मोठाच उपकार. परंतु अंगणात गुरू शिष्यास स्वतःच्या हाताने जे जोखून पाहत असे, ते पन्नास मुलांच्या वर्गात कसे व्हावे?

इतोसूचा शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, टोकियोस आला. तेथे सरकारी व्यायामप्रदर्शनात त्याने आपली विद्या दाखविली, आणि मग कानोने त्यास आपल्या शाळेत बोलावून तिचे प्रात्यक्षिक करविले. एक शाळामास्तर आणि दुसरा शिक्षणशास्त्रज्ञ, अशी ही दोघांची गाठ मोठी शुभ म्हणावी लागेल. परंतु मोकळ्या लढंतीविषयी दोघांची मते जुळणारी नव्हती. फेकलेला माणूस उठतो, पण मर्मी ठोसा बसलेला उठेलच असे नाही. म्हणून कराटेत मोकळी लढंत नको, असा फुनाकोशीचा कल होता. त्याचे भय निराधार होते असे कोण म्हणेल? तथापि त्याच्यापुढे जे विद्यार्थी बसले ते ओकिनावाच्या अंगणातले नव्हते. १९२४ साली केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ निघाले, पाठोपाठ इतरत्र निघाली. आणि तेथील तरुण जुडोची रांदोरी व वेळूच्या तलवारींची झुंज पाहत वाढलेले होते. "आमचा ठोसा लागेल की नाही?" हा त्यांचा प्रश्न. वर्षानुवर्षे हवेत मारलेल्या ठोशाने त्यांचे समाधान होईना. काहींनी छातीस व तोंडास चिलखते बांधून पाहिली. काहींनी काहीच न बांधता लढून हाडे मोडून घेतली. अखेर एक तोड निघाली: ठोसा पूर्ण वेगाने टाकावयाचा, आणि देहापासून बोटभर अंतरावर थांबवावयाचा. फुनाकोशी १९५७ च्या एप्रिलात निवर्तला. त्याच वर्षी टोकियोत या पद्धतीची पहिली अखिल जपानी स्पर्धा भरली.

थांबविलेल्या ठोशावर आक्षेप घेणारे निघावेत हे क्रमप्राप्तच होते. मासुतात्सू ओयामा (१९२३–१९९४) हा त्यांतील अग्रणी. जो ठोसा थांबतो तो ठोसाच नव्हे, असे मानून त्याने क्योकुशिन नावाचा संप्रदाय काढला. १९६९ साली भरलेल्या त्याच्या पहिल्या अखिल जपानी स्पर्धेत उघड्या मुठीने अंगावर पूर्ण जोराचे ठोसे मारण्याची मुभा होती. एकामागून एक शंभर प्रतिस्पर्ध्यांशी लढण्याची कसोटीही याच संप्रदायातील. कठोर लढंतीची याहून कठोर पद्धती कराटेत विरळा. पण येथेही मुठीने तोंडावर मारावयाचे नाही, हा नियम करावाच लागला; कारण उघड्या मुठीने तोंडे फोडीत बसल्यास दुसऱ्या दिवशी लढावयास माणसेच उरली नसती. आणि या नियमाचा एक चमत्कारिक परिणाम दिसून येतो. तोंडावर मूठ येणार नाही अशी खात्री असलेला मनुष्य हळूहळू तोंड झाकणे विसरतो. त्याचे हात खाली येतात, तो प्रतिस्पर्ध्याच्या अगदी छातीशी जाऊन उभा राहतो. उलट, थांबविलेल्या ठोशाच्या पद्धतीत वाढलेला मनुष्य अंतर राखण्यात पटाईत होतो, पण एखादा ठोसा खरोखरच बसला की गोंधळतो. तात्पर्य, प्रत्येक नियम एक सत्य शिकवितो आणि त्याबरोबर एक असत्यही शिकवून जातो. नियमावाचून लढंत होत नाही, म्हणून संपूर्ण सत्य सांगणारी लढंत नाही. शहाणा शिष्य तो की, जो आपल्या आखाड्याच्या नियमाने आपणांस कोणते असत्य शिकविले आहे हे ओळखून असतो.

याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्याही अभिमानाचे आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे मातीत वाढलेले मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा तेथील गादी आणि तेथील नियम दोन्ही त्यांस नवीन होते. त्यांस सहावे स्थान मिळाले. बळ कमी पडले म्हणून नव्हे, तर मातीने शिकविलेले सत्य गादीवर अपुरे पडले म्हणून. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्या गटाचे सुवर्णपदक ज्या जपानी मल्लाने जिंकले तो शोहाची इशी मूळचा जुडोपटू होता. महायुद्धानंतर जुडोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. एक तांबड्या मातीतून आलेला, दुसरा कानोच्या चटईवरून आलेला. दोघेही परक्या नियमांच्या गादीवर भेटले. दोघांनाही आपापल्या लढंतीचे अपुरेपण मान्य करून नव्याने शिकावे लागले होते. पराभव हा वस्ताद आहे असे आपण सहज म्हणतो. पण त्याचा धडा घेणारे थोडे असतात. १९४८ चा धडा खाशाबांनी घेतला.

येथवर इतिहास झाला. आता थोडे आमच्याविषयी. स्वतःचे सांगणे लेखकास शोभत नाही हे आम्ही जाणतो. परंतु ज्या गोष्टीने या विषयाचे मर्म आम्हांस कळले ती सांगितल्यावाचून पुढचे म्हणणे अर्धवट राहील.

तरुणपणी याच जिल्ह्यातील एका गावच्या आखाड्यात आम्ही दोन वर्षे जात होतो. मातीत हळद, ताक, तेल घालून ती मऊ केलेली असे. भिंतीच्या कोनाड्यात मारुती. आणि हौदात उतरताना माती कपाळास लावण्याचा प्रघात. आमच्याहून मोठे मल्ल आम्हांस रोज पाडीत, पण पाडतापाडता हात देत. खाली जाताना मान वाकडी होऊ लागली की त्यांचाच हात ती सावरी. तेव्हा ते आमच्या ध्यानात येत नसे. आम्हांस वाटे की आपण आपल्याच चपळाईने वाचलो. एके दिवशी आमच्याहून धाकट्या, नवख्या पोराशी जोड लागली. दोनदा त्याने आमची पकड सोडविली, भोवतालची मंडळी हसली, आणि आमचे डोके फिरले. तो दमला आहे हे दिसत असूनही आम्ही त्यास धोबीपछाड घालून सर्व भाराने आपटले. त्याच्या गळ्यापासचे हाड मोडले.

वस्ताद रागावले नाहीत. त्या पोरास वैद्याकडे पोचवून आल्यावर ते एवढेच म्हणाले, "डाव चांगला बसला. पण तू लढत नव्हतास." पोराचे हाड जुळून तो परत येईपर्यंत त्यांनी आम्हांस एक काम दिले. नवख्या मुलांशी जोड धरावयाची, त्यांचे डाव आपल्या अंगावर लागू द्यावयाचे, आणि प्रत्येक वेळी पडावयाचे. आरंभी ते अपमानास्पद वाटले. मग ते कठीण वाटू लागले. समोरच्याने डाव बरोबर टाकला तरच पडावयाचे, चुकीचा टाकला तर उभे राहावयाचे, आणि तो पडू लागला तर त्याची मान सांभाळावयाची: यासाठी जे लक्ष लागते ते जिंकण्यासाठी लागत नाही. त्या दिवसांत आम्हांस प्रथम उमगले की, दोन वर्षे जे आम्हांस पाडीत होते ते रोज हेच करीत होते. आमची सारी मल्लविद्या त्यांच्या आवरलेल्या हातांनी दिलेली होती. त्यांनी हात मुळीच उचलला नसता तर आम्ही काही शिकलो नसतो. आणि मुळीच आवरला नसता तर शिकावयास उरलो नसतो.

हात आवरणे म्हणजे हात आखडणे नव्हे. जो भितो तोही हात आखडतो. पण आवरण्यास आधी जोर असावा लागतो, आणि तो जोर कोठे थांबवावा हे कळावे लागते. याचा फार बोलका दाखला अलीकडेच जगाने पाहिला. टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक महामारीमुळे २०२१ साली भरले, आणि त्यात कराटेचा प्रथमच समावेश झाला. ७ ऑगस्ट २०२१ रोजी, पंचाहत्तर किलोंवरील पुरुषांच्या गटाची अंतिम लढत निप्पोन बुदोकान येथे झाली. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी चार विरुद्ध एक अशा गुणांनी पुढे होता. इराणचा सज्जाद गंजझादे मागे. हामेदीची लाथ गंजझादेच्या मस्तकावर बसली आणि तो बेशुद्ध पडला. त्यास तसाच उचलून बाहेर न्यावे लागले. आता जिंकला कोण? रस्त्यावरच्या मारामारीचा न्याय लावल्यास उत्तर उघड आहे. परंतु पंचांनी आघात मर्यादेबाहेरचा ठरवून हामेदीस बाद केले, आणि जो निपचित पडला होता त्यास सुवर्णपदक दिले. शुद्धीवर आल्यानंतर आपण जिंकल्याचे त्यास कळले.

या निर्णयावर पुष्कळ टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. ऐन वेगातली लाथ बोटभर अलीकडे थांबविणे म्हणजे काय, हे घरात बसून बोलणाऱ्यास कळणार नाही. हामेदीने द्वेषाने मारले असे म्हणण्यासही आधार नाही. तथापि त्या क्षणी नियमाने जे सांगितले ते फुनाकोशीच्या भयाशी आणि कानोच्या तत्त्वाशी सुसंगतच होते. समोरचा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी माझी आहे. मी पुढे असलो तरी ती सुटत नाही, उलट मी पुढे असल्याने ती वाढते. आमच्या वस्तादांचे "तू लढत नव्हतास" हे वाक्य आणि बुदोकानातील पंचांचा निर्णय यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

कठोर मेहनतीचे पुरस्कर्ते टाकीच्या घावांची म्हण नेहमी पुढे करतात. घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही हे खरे. पण टाकी पाथरवटाच्या हाती असते, आणि कोठे मारावयाचे नाही हे तो आधी शिकलेला असतो. वाटेल तेथे मारीत सुटल्यास मूर्ती होत नाही, खडी होते. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वारंवारच्या आघातांनी होणारी हानी हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्याने १९२८ सालीच प्रसिद्ध केली होती. तेव्हापासून या विषयाचे ज्ञान वाढतच गेले आहे. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या डोक्यावर जोराचे आघात होऊ देण्यात कोणतेही शिक्षण नाही, हे आज निःशंकपणे म्हणता येते. तेथे आईचे म्हणणे खरे आहे.

पण गुरूचेही म्हणणे खोटे नाही. शासनाच्या योजनेतून शाळांतील मुलींस स्वसंरक्षणाचे शिक्षण तीन महिने दिले जाते. हेतू स्तुत्य आहे. मात्र ते तीन महिने केवळ रांगेत उभे राहून हवेत हात फेकण्यात गेले, तर मुलीच्या पदरी विद्या न पडता विद्येचा भ्रम पडेल. आणि संकटाच्या वेळी अज्ञानापेक्षा भ्रम अधिक घातक. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हां लोकांस हे निराळे सांगावयास नको. काठावर बसून हात मारावयास शिकलेल्या पोरापेक्षा पाण्याला भिऊन दूर राहणारे पोर अधिक सुरक्षित असते. आपल्याकडचा ढीवर आपल्या मुलास काठावर पोहणे शिकवीत नाही. पण तो त्यास डोहात ढकलून घरीही जात नाही. तो छातीइतक्या पाण्यात त्याच्याशेजारी उभा राहतो, मुलाच्या पोटाखाली हात धरतो, आणि तो हात केव्हा काढावयाचा हे जाणतो.

त्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या पटांगणावरून गेलो. ती मुलगी रांगेत होती. तिची आई कुंपणापाशी होती. जोड्या लागल्या तेव्हा तिच्यासमोर एक लहानखुरी, नवी आलेली मुलगी उभी राहिली. नवखीने डोळे मिटून हात फेकला. आमच्या ओळखीच्या मुलीने तो बाजूस सारला, आणि स्वतःची मूठ तिच्या हनुवटीपाशी नेऊन थांबविली. मग तिने काहीतरी सांगितले. बहुधा डोळे उघडे ठेव असे असावे. नवखीने पुन्हा हात फेकला. या वेळी तिचे डोळे उघडे होते. कुंपणापाशी उभ्या असलेल्या आईने ते पाहिले की नाही, हे आम्हांस सांगता येणार नाही. पण वर्ग सुटेपर्यंत ती तेथून हलली नाही.